बोरीबंदरची कचेरी, तिचे नकाशे आणि खानदेश

खानदेशातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मुंबईचे ते स्टेशन शेवटपर्यंत बोरीबंदरच राहिले. मधल्या काळात व्हिक्टोरिया टर्मिनस झाले, व्ही.टी. झाले, १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. नावे बदलत गेली, पण एक समजूत सगळ्या नावांत कायम राहिली : ती घुमटाची इमारत म्हणजे स्टेशन. प्रत्यक्षात ती कचेरी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची ‘जीआयपी’, या कंपनीचे ते मुख्य कार्यालय. त्या घुमटाखाली एकही गाडी कधी उभी राहिलेली नाही. गाड्या उभ्या राहिल्या त्या शेजारच्या लोखंडी छपराखाली.

रस्त्यावरून पाहताना हे आयुष्यभर ध्यानात येत नाही. तळनकाशा समोर घेतला की क्षणात येते. नकाशात तीन बाजूंनी बांधकाम आणि रस्त्याकडे उघडा चौक दिसतो. वाड्याला तीन बाजूंनी सोपे काढावेत आणि चौथी बाजू मोकळी ठेवावी, तशी ही मांडणी. मधल्या बाजूच्या मध्यावर घुमट, आणि घुमटाखाली भव्य जिना. जिना वर कुठे जातो? अधिकाऱ्यांच्या दालनांकडे. तिकीट काढणारा माणूस उत्तरेकडच्या पाखेतल्या तळमजल्यावर, ज्या दालनाला पुढे ‘स्टार चेंबर’ म्हणू लागले तिथे जातो आणि तिथूनच फलाटाकडे वळतो. ते दालनही देखणे आहे, इटालियन संगमरवराचे खांब आहेत, छतावर तारे आहेत. पण इमारतीतली सर्वांत उंच, सर्वांत प्रकाशमान जागा प्रवाशाच्या वाटेवर नाही. ती कारभाऱ्यांच्या वाटेवर आहे. कंपनी स्वतःला काय समजत होती, हे दर्शनी भागावरच्या कोरीवकामापेक्षा या जिन्याच्या जागेवरून अधिक कळते.

या कारभाऱ्यांच्या कारभारात खानदेश फार मोठा होता. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत लोहमार्ग थळ घाट चढून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला आला. भुसावळहून एक फाटा खंडव्याकडे, दुसरा वऱ्हाडातून नागपूरकडे गेला. नागपूर १८६७ साली जोडले गेले. हा सारा कापसाचा मुलूख. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव हे बाजारपेठेचे गाव म्हणून वर आले ते याच धामधुमीत. मुंबईत त्या पैशाने जो उन्माद चढला आणि १८६५ला उतरला, त्याच्या कथा आपण वाचलेल्या असतात. त्या कथांत जळगावच्या बाजारातली गाडी मोकळी करून परत निघालेला शेतकरी क्वचितच येतो. पण बोरीबंदरच्या कचेरीत नंतर जे वाहतुकीचे हिशेब लिहिले गेले, त्यांतला मोठा वाटा याच मुलखातल्या गाठींचा होता.

तर १८७७ साली कंपनीने या कचेरीचे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सकडे दिले. जन्म १८४७चा, गाव इंग्लंडातले बाथ. विसाव्या वर्षी हिंदुस्थानात येऊन तो सरकारी बांधकाम खात्यात लागला, आणि त्याची सेवा सरकारने रेल्वेला उसनी दिली. १८७८ला तो युरोपातली स्थानके पाहून आला. त्याच वर्षी बांधकामाला सुरुवात झाली. १८८२च्या नववर्षदिनी वापर सुरू झाला, २० जून १८८७ला राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात तिचे नाव दिले गेले आणि १८८८ साली काम पुरे झाले. दहा वर्षे. खर्च सोळा लाख रुपयांहून अधिक. (हाच सोळा लाखांचा आकडा स्टीव्हन्सचे मानधन म्हणूनही ठिकठिकाणी छापला जातो. उसन्या आलेल्या सरकारी इंजिनिअरला अख्ख्या इमारतीच्या किमतीएवढी बिदागी कोण देईल, असा प्रश्न छापणाऱ्याला पडायला हवा होता.)

आता नकाशांकडे वळू. एखाद्या इमारतीचे ‘नकाशे’ म्हणतो तेव्हा आपण निरनिराळ्या जातींचे कागद एका शब्दात कोंबतो. मालकाला भुलवण्यासाठी काढलेले रंगीत चित्र वेगळे, मंजुरीचा तळनकाशा वेगळा, गवंड्याच्या हाती जाणारा छेद वेगळा, आणि पाथरवटासाठी काढलेला एकेका दगडाच्या खऱ्या मापाचा तपशील आणखी वेगळा. पहिल्या जातीचा कागद चौकटीत जातो आणि टिकतो. शेवटच्या जातीचा कागद परांचीवर चुन्याने माखतो, घामाने विरतो, काम झाले की फेकला जातो. इमारत मात्र त्या शेवटच्या कागदाने बांधलेली असते.

बोरीबंदरच्या बाबतीत चौकटीत गेलेले चित्र आहे अ‍ॅक्सेल हेग याचे. हा मूळचा स्वीडनच्या गॉटलंड बेटावरचा, लंडनात स्थायिक झालेला चित्रकार. वास्तुविशारदांच्या आराखड्यांवरून ‘इमारत झाल्यावर कशी दिसेल’ याची जलरंगातली यथार्थदर्शी चित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय, आणि त्यात त्याचा हात धरणारे थोडे होते. त्याने काढलेले स्टीव्हन्सच्या कचेरीचे चित्र १८८० साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. त्या वर्षी बोरीबंदरला पायावर भिंती चढत होत्या. अकॅडमीच्या भिंतीवर इमारत पूर्ण होऊन उभी होती.

पुढे गंमत अशी झाली की चित्राने चित्रकाराला वास्तुकार करून टाकले. अनेक लेखांत, अगदी जबाबदार मजकुरातही, ‘मूळ कल्पना हेगची, ती स्टीव्हन्सने राबवली’ असे वाक्य आढळते. मला हे पटत नाही. हेगचा धंदा पाहिला तर तो दुसऱ्यांच्या आराखड्यांना रूप देणारा माणूस होता. विल्यम बर्जेससारख्या मातब्बर वास्तुकारासाठीही त्याने हेच केले. नकाशे स्टीव्हन्सचे, चित्र हेगचे, असा साधा हिशेब आहे. पण लोकांच्या नजरेसमोर नकाशे नव्हते, चित्र होते, आणि चित्राच्या कोपऱ्यात सही होती. ज्याची सही टिकली त्याचे श्रेय वाढले.

बर्जेसचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर करतो. १८६६ साली त्याने मुंबईच्या कलाशाळेसाठी, म्हणजे जे. जे. स्कूलसाठी, एक आराखडा केला होता. तो बांधलाच गेला नाही. पण ते नकाशे घेऊन त्याचा शिष्य विल्यम इमर्सन मुंबईत आला, इथेच थांबला आणि त्याने क्रॉफर्ड मार्केट उभे केले. जाड भिंती, खोल सावल्या, व्हरांडे, गॉथिक कमानींना उष्ण हवेची जोड, ही मुंबईची जी पुढे ओळख झाली तिच्या मुळाशी त्या न बांधलेल्या इमारतीचे कागद आहेत, असे वास्तुकलेचे इतिहासकार मानतात.

कामाच्या नकाशांची एक स्वतंत्र रंगभाषा होती. निळ्या रंगाच्या छापील प्रती इंजिनिअरांच्या कचेऱ्यांत रुळण्याआधी मूळ नकाशा जाड कागदावर शाईने काढत आणि टिकावा म्हणून कापडावर चिकटवत. छेदात विटेचे बांधकाम किरमिजी, घडीव लोखंड निळे, बिडाचे लोखंड करडे, लाकूड तांबूस, दगड फिकट उदी. हे रंग शोभेचे नव्हते. परीट कपड्यांवर खुणा करतो त्याच जातीचे ते काम : चूक होऊ नये म्हणून. प्रती काढायच्या तर खळ दिलेल्या तलम कापडावर ट्रेस करत. या कापडाचा शत्रू पाणी. एक थेंब पडला की पारदर्शकपणा जाऊन पांढरा डाग उरे. मुंबईचा पावसाळा आणि हे कापड यांची दीडशे वर्षांची गाठ, म्हणजे काय शिल्लक राहिले असेल याची कल्पना येते. रेल्वेच्या जुन्या कपाटांतून जे नकाशे वाचले ते पावसाळा, वाळवी आणि कचेरी-बदल या तिघांना चुकवून वाचले आहेत.

घुमटाच्या छेदाविषयी इंजिनिअर मंडळी अजून कौतुकाने बोलतात. अष्टकोनी, फासळ्यांचा, दगडी. सेंट्रिंगचा आधार न देता बांधलेला. फासळ्यांचे दगड एकमेकांत खाचांनी अडकवून थरावर थर चढवत नेले, म्हणजे बांधकाम प्रत्येक टप्प्यावर स्वतःला धरून राहिले. छेद काढणाऱ्याला इथे फक्त शेवटचा आकार दाखवून भागत नाही. आज संध्याकाळी काम कुठे थांबले तर काय होईल, हे त्याला ठाऊक असावे लागते. आणि तेवढे समजून तो दगड बसवणारा माणूसही लागतो.

ती माणसे कोण होती? दोन नावे नोंदीत आहेत : सहायक अभियंता सीताराम खंडेराव वैद्य आणि देखरेखीवरचे एम. एम. जनार्दन. दहा वर्षे या कामावर मराठी इंजिनिअरचा हात होता ही गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही. स्टीव्हन्सवर लेख आहेत, हेगवर आहेत. दर्शनी भागावर कंपनीच्या दहा संचालकांचे मुखवटे आहेत आणि त्यांत नाना शंकरशेट व सर जमशेटजी जीजीभाई आहेत, हे अभिमानाने सांगितले जाते आणि सांगायलाच हवे. सीताराम खंडेराव मात्र एका ओळीत येतात आणि जातात.

याच खात्यातल्या दुसऱ्या एका सहायक अभियंत्याशी त्यांची तुलना करून पाहावी. बोरीबंदरचे काम चालू असताना, १८८४ साली, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले आणि त्यांना खानदेशात धुळ्याला पाठवले गेले. पांझरेच्या पाटाच्या कामात त्यांनी नळाचा सायफन बांधला. काम तसे लहानच. पण पुढे विश्वेश्वरय्यांनी आठवणी लिहिल्या, त्यांत धुळे आले, पांझरा आली, म्हणून धुळेकर आजही तो धागा धरून आहेत. सीताराम खंडेरावांच्या हाताखालची इमारत जगातल्या नामांकित इमारतींत आहे, २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. कर्तृत्व आणि कागद यांचे प्रमाण नेहमी व्यस्तच असते की काय, कोण जाणे.

कोरीवकामाची कथा आपल्याला थेट अजिंठ्याकडे आणते. घुमटावरची ‘प्रगती’ची मूर्ती आणि फाटकावरचे सिंह-वाघ टॉमस अर्पचे, पण खांबांच्या माथ्यांवरची पाने, मोर, खारी, माकडे, सरडे हे अफाट काम जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी केले. हाच ग्रिफिथ्स १८७२पासून १८८५पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात होता. पेस्तनजी बोमनजींसारखे तरुण लेण्यांतल्या अंधारात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या नकला करत. जायचा रस्ता अर्थातच आपला : जीआयपीच्या गाडीने खानदेशात, आणि तिथून बैलगाडीने फर्दापूर. दोन्ही कामे एकाच काळात, एकाच शाळेत चालू होती. लेणीतल्या छतावरचे हंस, वेली आणि फळे महिनोन्‌महिने गिरवलेली शाळा जेव्हा बोरीबंदरच्या दगडावर इथलीच झाडे आणि इथलीच जनावरे कोरू लागली, तेव्हा त्या हातांत अजिंठा होता असे मला वाटते. अमुक मोर अमुक भिंतीवरून घेतला असे बोट दाखवण्याची गरज नाही; हाताला लागलेले वळण तसे दाखवता येतही नाही.

पण अजिंठ्याच्या या नकलांचे पुढे काय झाले, ते नकाशांच्या संदर्भात मुद्दाम आठवायला हवे. ग्रिफिथ्सच्या चमूने काढलेल्या नकला लंडनला रवाना झाल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्या कितीतरी जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलने १८४४पासून अजिंठ्यात राहून केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकाला ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे ठाऊक आहे. तिचा रेल्वेशी लागणारा शेवट मात्र अनेकांना माहीत नसतो : गिलची कबर आहे ती भुसावळला. लेणीपासून निघालेला हा माणूस जीआयपीच्या जंक्शनाच्या गावात विसावला. ज्याचे आयुष्यभराचे कागद सुरक्षित म्हणून परदेशी पाठवले आणि तिथेच राख झाले, तो आपल्या जिल्ह्याच्या मातीत आहे. आणि ज्या भिंती इथे सोसत राहिल्या त्या, कितीही झिजल्या तरी, आहेत.

आता भुसावळचे स्वतःचे पाहू. रेल्वेपूर्वी लहानसे खेडे, रेल्वेनंतर यार्ड, कारखाना, शाळा, बंगले, चाळी. हे सगळे गाव नकाशावर आधी जन्मले आणि जमिनीवर नंतर. पण इथे हेग नव्हता. कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरावीक नमुन्याचे नकाशे असत. अमुक दर्जाचे स्टेशन, तमुक पगाराच्या नोकराची खोली. एकच कागद कोस-कोस चालत जाई. त्यावर स्थानिक फरक लाल शाईने होत : इथे भिंत एक फूट जाड, तिथे व्हरांडा पश्चिमेला, विहीर उजवीकडे. मला या लाल शाईचे मोल मूळ काळ्या रेघांपेक्षा अधिक वाटते. वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात मुंबईहून आलेला नमुना जसाच्या तसा चालत नाही, हे कुणाला तरी उमगले आणि त्याने कागदावर नोंदवले, असा तो पुरावा असतो. बोरीबंदरच्या चित्रात खानदेशचे ऊन नाही. ते असेल तर या दुरुस्त्यांत असेल.

धुळ्याची गोष्ट याहून वेगळी, थोडी कडू. १८१८नंतर कॅप्टन ब्रिग्जने आखणी करून वसवलेल्या सरळ रस्त्यांच्या पेठांचे हे गाव, साऱ्या खानदेशचे जिल्ह्याचे ठाणे, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे. तरी १८६०च्या दशकात लोहमार्गाची रेघ ओढली गेली ती धुळे उत्तरेला ठेवून, चाळीसगावावरून. कलेक्टर धुळ्यात आणि गाडी जळगावात, असा चाळीस वर्षांचा संसार झाला. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला, त्याच सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरमार्गे जळगावला येऊन भिडली, म्हणजे जळगावचे पारडे पुन्हा जड. १९०६ला जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. कुणी म्हणेल विभागणीची कारणे कारभाराची होती, होतीच. पण दोन सारख्या तोलाची गावे तयार झाली ती त्या एका रेघेने. बोरीबंदरला जिन्याची जागा ठरवणारी पेन्सिल आणि धुळ्याला बगल देणारी पेन्सिल एकाच कंपनीची.

म्हणून हे कागद खानदेशकरांच्या कामाचे आहेत, आणि कागद सांभाळण्यात खानदेश कुणाहून कमी नाही. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात वारले, आणि त्यांच्या दप्तरासाठी धुळ्याने राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून गोळा केलेल्या रामदासी पोथ्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कुणाच्या माळ्यावरचा मोडी रुमाल फाटका असला तरी तो ‘साधन’ आहे, हे राजवाड्यांनी आपल्याला शिकवले. कापडावर चिकटवलेला, किरमिजी-निळ्या रंगांचा, इंग्रजीत मापे लिहिलेला नकाशा मात्र अजून आपल्याला साधन वाटत नाही. तो ‘इंजिनिअरिंग डिपार्टमेंटचा कागद’ वाटतो. मोडी वाचणारे तयार करायला आपण वर्ग चालवतो. जुना छेद वाचता येणारा इतिहासाचा विद्यार्थी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत किती सापडतील?

वेळ आता थोडा आहे, असे म्हणायला कारण आहे. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बोरीबंदरच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. देशभर स्थानके नवी होत आहेत, आणि त्यात मोठ्या वारसा-इमारतीला निदान विचारणारे कुणी असते. खानदेशातल्या दगडी क्वार्टर्सना, गुदामांना, पाण्याच्या टाक्यांच्या जोत्यांना कुणी विचारत नाही. ती पडली की मागे राहतो तो नकाशाच, राहिला तर. आणि सप्टेंबर २०२४मध्ये मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मान्यता मिळाली. दीडशे वर्षांपूर्वी बगल दिलेल्या धुळ्यावरून आता मुख्य रेघ जाणार आहे. तिचे नकाशे संगणकावर निघतील, त्यांना वाळवी लागणार नाही. कुणी पुसले तर मात्र डागसुद्धा उरणार नाही.

जुन्या नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत काही आद्याक्षरे असतात : काढणारा, ट्रेस करणारा, तपासणारा. मुंबईहून भुसावळला आलेल्या नकाशांचे गठ्ठे कधी उघडले गेले, तर मी आधी तो कोपरा पाहीन. सीताराम खंडेराव वैद्यांची आद्याक्षरे कुठे आहेत, ते शोधायला तिथूनच सुरुवात करावी लागेल.